सदतीसावा छाप: फोंड्यातल्या एका सेरिग्राफची किंमत

वाटणीच्या यादीत त्या चित्रासमोर लिहिलं होतं, ‘भिंतीवरची फ्रेम, १ नग, ५०० रुपये.’ पुण्यातल्या थोरल्या भावाने तो आकडा खोडून ४ लाख सुचवले. त्याच चित्रकाराचा एक कॅनव्हास लिलावात काही लाखांना गेल्याची बातमी त्याने वाचली होती. हे चित्र मात्र सेरिग्राफ होतं, म्हणजे ताणलेल्या बारीक कापडाच्या स्क्रीनमधून एकेक रंगाची शाई कागदावर दाबून काढलेलं छापचित्र. पाचशे आणि चार लाख यांच्यामध्ये खरी किंमत कुठेतरी होती. ती कशी शोधली, ते इथे टप्प्याटप्प्याने मांडलं आहे.

घर, माणसं आणि रुपयांचे आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. कायदा, कागद, शाई आणि गोव्याची हवा मात्र जशी आहे तशीच.

घर फोंडा तालुक्यातलं, चिऱ्यांचं, कौलारू. वडील शिक्षक. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाऊन शिकवलं. २००९ च्या डिसेंबरात पणजीतल्या एका गॅलरीतून त्यांनी हे चित्र घेतलं. चित्राचे १३,००० आणि फ्रेमचे ३,००० असं बिल झालं. चित्रात मांडवीचं पात्र, अलीकडचा तांबडा काठ आणि मधोमध काळी फेरीबोट. चित्रकार हयात आहेत, मूळचे गोव्याचे, मुंबईत स्थायिक. २०२३ मध्ये वडील गेले. मागे आई, पुण्यातला मुलगा आणि म्हापशाला दिलेली मुलगी.

गोव्यात अशा वेळी बऱ्याचदा इन्व्हेंटरी करतात, म्हणजे मालमत्तेची किंमतवार यादी करून वाटणी. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली ही पद्धत आता २०१६ पासून लागू असलेल्या गोव्याच्या वारसा कायद्याखाली चालते. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामायिक धरतात. म्हणजे चित्राचा अर्धा हिस्सा आईचा आधीपासूनच होता. उरलेल्या अर्ध्यात दोन्ही मुलं, प्रत्येकी चौथा हिस्सा. यादीत स्थावराबरोबर जंगमही येतं आणि प्रत्येक वस्तूसमोर किंमत लिहावी लागते. एकच वस्तू दोघांना हवी असेल तर वारसांमध्येच बोली लागते, तिला लिसिटेशन म्हणतात. जास्त बोली लावणारा वस्तू घेतो आणि इतरांच्या हिश्शाचे पैसे भरतो. म्हणून यादीतली किंमत चुकली की कोणाच्या तरी खिशाला चाट बसते. ५०० लिहिले असते तर भावाचं नुकसान, ४ लाख लिहिले असते तर चित्र ठेवून घेणाऱ्या बहिणीचं.

फ्रेम उघडण्याआधी किंमत सांगू नये

काचेआडच्या छापचित्राची किंमत सांगणारा माणूस अंदाज बांधत असतो. चित्राचे समास, मागची बाजू आणि कागदाच्या कडा दिसल्याशिवाय काहीही ठरत नाही. या घरात तर चित्राचा क्रमांकसुद्धा कोणाला माहीत नव्हता. फ्रेमवाल्याने माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, खिडकी इतकी आत कापली होती की खालच्या समासातली पेन्सिलीची ओळ पूर्ण झाकली गेली होती. बिलावर फक्त ‘सेरिग्राफ, मर्यादित आवृत्ती’ एवढंच. पंधरा वर्षं सही घरातच होती आणि कोणी पाहिली नव्हती.

फ्रेम उघडायची ती कोरड्या दिवसांत. इथे गणेश चवथीनंतर, पाऊस ओसरल्यावर उघडली. मोठं टेबल, त्यावर धुतलेली पांढरी चादर. हात साबणाने धुऊन पूर्ण वाळवलेले. हातमोज्यांपेक्षा असे हात बरे, कारण मोज्यात कागदाची कड जाणवत नाही आणि ती मुडपते. फ्रेम काच खाली येईल अशी पालथी ठेवायची, मागची कागदी पट्टी ब्लेडने कापायची, खिळे पक्कडीने सरळ ओढून काढायचे. खिळा तिरका ओढला की त्याचं टोक हार्डबोर्डमधून घसरून चित्राच्या पाठीला लागतं. हार्डबोर्ड उचलल्यावर लगेच चित्राला हात घालू नये. आधी फोटो काढावेत, कारण चिकटपट्टी कुठे आणि कशी लावली होती हे नंतर दुरुस्ती करणाऱ्याला लागतं.

आत काय निघालं? हार्डबोर्डच्या आतल्या बाजूला बुरशीचे करडे ठिपके. चित्र माउंटला चारही बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवलेलं. ही चूक घरोघर दिसते. कागद पावसाळ्यात दमट हवेने फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. चारही बाजू बांधल्या की त्याला जागा उरत नाही आणि तो लाटांसारखा उचलतो. टेपचा गोंद कागदात मुरून तपकिरी पट्टे पडले होते, पण सुदैवाने फक्त वरच्या समासाच्या मागे. माउंटच्या खिडकीच्या कडेला चौकोनी तपकिरी रेघ होती. माउंटचा पुठ्ठा लाकडाच्या लगद्याचा असला की त्यातलं आम्ल कापलेल्या तिरक्या कडेतून बाहेर येतं आणि जिथे टेकतं तिथे कागद जाळतं. खालच्या डाव्या कोपऱ्यात अडीच सेंटिमीटरचा पाण्याचा ओघळ. फ्रेम पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर होती. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. गिलावा जुना झाला की चिऱ्याची बाहेरची भिंत हे पाणी पिते आणि आत सोडते. हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की कागदावर बुरशी धरायला तेवढं पुरतं, आणि जुलैत ती त्याहून कितीतरी वर असते.

दोन गोष्टी मात्र चांगल्या निघाल्या. कागद कापलेला नव्हता. तयार मापाच्या फ्रेममध्ये बसवण्यासाठी फ्रेमवाले बऱ्याचदा समास छाटून टाकतात किंवा मागे दुमडतात. दुमडलेला समास थोडाफार सरळ होतो, छाटलेला परत येत नाही आणि अशा छापाला गंभीर संग्राहक हात लावत नाही. इथे २२ × ३० इंचांचा पूर्ण ताव शाबूत होता. दुसरं म्हणजे चित्र फेव्हिकॉलने बोर्डावर चिकटवलेलं नव्हतं. तसं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

खालच्या समासात डावीकडे पेन्सिलीने ३७/१५०, उजवीकडे सही आणि ’०९. त्याच्या वर, उजव्या कोपऱ्याजवळ, छापणाऱ्या स्टुडिओचा शाईविना दाबलेला उठावदार शिक्का. तो नुसत्या डोळ्यांना दिसला नाही, टॉर्च कागदाला जवळजवळ आडवी धरल्यावर उमटला.

३७/१५० म्हणजे काय, आणि काय नाही

या आवृत्तीचे १५० क्रमांकित छाप निघाले आणि हा त्यांतला सदतीसावा क्रमांक. हा छाप सदतीसावा निघाला असं मात्र यावरून ठरत नाही. सेरिग्राफमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. एका रंगाचे सगळे ताव छापून वाळवायचे, मग दुसरा रंग. अकरा रंगांत तावांची थप्पी इतक्या वेळा उलटीपालटी होते की सही करताना जो ताव वर येईल त्याला क्रमांक मिळतो. म्हणून १/१५० महाग आणि १४९/१५० स्वस्त असं काही नसतं. ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे धातूच्या पाटीवर सुईने थेट उकरून घेतलेल्या छापांत, सुरुवातीचे छाप खरोखर सरस असतात, कारण सुईने उकरलेल्या धातूची कड दाबाखाली लवकर झिजते. सेरिग्राफला तो नियम लावू नये.

१५० या आकड्यावरही पूर्ण विसंबू नये. क्रमांकित छापांशिवाय चित्रकाराच्या वाट्याचे छाप असतात, त्यांवर ए.पी. लिहिलेलं असतं. त्यांचं प्रमाण साधारण दहा टक्के. छापणाऱ्याचे पी.पी., विक्रीबाहेरचे म्हणून काढलेले एच.सी., छापाईला मंजुरी दिलेला एक बी.ए.टी. काही आवृत्त्यांत रोमन आकड्यांची आणखी एक रांग असते. ‘विक्रीबाहेरचे’ छापही काही वर्षांनी बाजारात येतात. म्हणून घेतानाच लेखी विचारावं: एकूण कागद किती छापले, स्क्रीन नंतर पुसल्या का, हेच चित्र दुसऱ्या मापात किंवा कॅनव्हासवर डिजिटल छापून पुन्हा काढलं का. इथे प्रमाणपत्राची झेरॉक्स लोखंडी कपाटात सापडली. त्यावर १५० अधिक १५ ए.पी., ११ रंग, ‘३०० जीएसएम आर्काइव्हल कागद’ असं होतं. कागद बनवणाऱ्याचं नाव नाही, कागदात जलचिन्हही नाही. ‘आर्काइव्हल’ म्हणजे दीर्घकाळ टिकणारा, पण हा शब्द एकटा असेल तर तो कशाचीच हमी देत नाही.

भिंगाखाली

आता मुख्य प्रश्न: ही वस्तू आहे तरी काय? दहापट भिंगाने पाच मिनिटांत बरंच कळतं. ऑफसेट पोस्टर असेल तर चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसतात. डिजिटल छाप, ज्याला बाजारात जिक्ले म्हणतात, त्यात रंग धुक्यासारखा बारीक फवारलेला दिसतो आणि कडा कुठेच धारदार नसतात. एचिंगमध्ये, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या पाटीवरून घेतलेल्या छापात, चित्राभोवती पाटीचा दाब कागदात उमटतो. सेरिग्राफमध्ये शाईचा सलग, सपाट थर कागदाच्या वर बसलेला असतो. बाजूने उजेड टाकला तर त्या थराची कड दिसते.

या छापात फेरीबोटीचा लोखंडी फाळका बघण्यासारखा आहे. करड्या रंगाची स्क्रीन तांबड्यावर अर्धा मिलिमीटर चढली आहे आणि दोन्ही शाया जिथे एकमेकींवर आल्या तिथे गडद, जवळजवळ जांभळी रेघ तयार झाली आहे. कॅनव्हासवर ही रेघ असूच शकत नाही, ती दोन स्क्रीनच्या भेटीतून जन्मली. वेगळ्या क्रमांकाच्या छापात ती थोडी जाड किंवा बारीक असेल. आणि नदी? नदीला शाईच नाही. अकरापैकी एकही रंग तिथे लावलेला नाही, मधला कोरा कागद म्हणजेच मांडवी. पाण्यावरच्या चार-पाच पातळ निळ्या रेघा सोडल्या तर सगळं पात्र कागदाचंच. छापचित्राच्या भाषेत विचार करणाऱ्या माणसाचा तो निर्णय आहे, आणि आमच्या मते या चित्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

कुठेही ठिपके नव्हते, म्हणजे फोटोवरून ठिपक्यांची जाळी काढून छापलेलं नाही. पण स्क्रीन कोणी तयार केल्या? प्रमाणपत्रावर लिहिलं होतं की चित्रकाराच्या मूळ चित्रावरून स्टुडिओने प्रत्येक रंगाच्या फिल्म हाताने काढल्या, चित्रकाराने मंजुरी दिली आणि सही केली. आपल्याकडची बरीच सेरिग्राफ याच जातीची असतात. हा हाताने केलेला, कष्टाचा, खरा छाप आहे, फक्त तो हात बहुतांशी छापणाऱ्याचा आहे.

हा फरक किमतीला थेट भिडतो. आयात शुल्क आणि जीएसटीच्या वर्गीकरणात ९७०२ क्रमांकाखाली ‘मूळ’ छापचित्रं येतात. तिथली व्याख्या कडक आहे: पाट्या संपूर्णपणे चित्रकाराने स्वतःच्या हाताने केलेल्या हव्यात आणि यांत्रिक किंवा छायायांत्रिक (फोटोवरून करायची) प्रक्रिया नको. बाजार इतका काटेकोर नसतो, पण त्याच दिशेने विचार करतो. छापचित्रकार झरीना हाशमी यांचा १९९९ चा ३६ काष्ठछापांचा ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ हा संच २५ च्या आवृत्तीत निघाला. त्या कामाचं मूळ कुठे दुसरीकडे नाही, छाप हेच मूळ. उलट कॅनव्हासवरून काढलेलं, सही केलेलं सेरिग्राफ मूळ चित्राच्या सावलीत राहतं. साळगावात जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा मासिकांच्या छापील पानांवर रसायन लावून शाई विरघळवत आणि त्यावर चित्रं काढत. तिथे छापील कागदही एकमेव वस्तू होतो. म्हणजे कागद छापील असणं आणि कामाचं मोल कमी असणं यांचा आपोआप संबंध नाही. हात कुठे लागला, ते बघायचं.

क्रमांकाची जादू किती फसवी आहे, यासाठी गोव्यातल्या जुन्या घरांतली रवी वर्मांची ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापचित्रं, आठवावीत. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. ना क्रमांक, ना पेन्सिलीची सही, छाप हजारोंनी. तरी आज चांगल्या अवस्थेतल्या, जरी-टिकल्या लावलेल्या जुन्या प्रतीला लोक पैसे मोजतात.

चार लाख का नाहीत

भावाचं म्हणणं चुकीच्या पायावर उभं होतं, पण ते अगदी स्वाभाविक होतं. कॅनव्हासची किंमत वर्तमानपत्रात येते, छापांची येत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये एम. एफ. हुसेन यांचं १९५४ चं ‘ग्रामयात्रा’ न्यू यॉर्कच्या लिलावात १.३७५ कोटी डॉलरना गेलं. त्या बातमीने त्यांच्या सहीच्या सेरिग्राफचा भाव त्या पटीत चढत नाही. कॅनव्हास एकच असतो, तो हवा असणारे दोघे भिडले की आकडा उडतो. सेरिग्राफ हवा असणाऱ्याला हा महाग वाटला तर तो वेगळ्या क्रमांकाच्या छापाची वाट बघतो. दीडशे भावंडं बाजारात असताना एकाने ताठ राहून भागत नाही.

तुलना करायची तर क्रम ठरलेला: आधी त्याच आवृत्तीचे दुसरे छाप, मग त्याच चित्रकाराची त्याच मापाची, जवळच्या सालातली सेरिग्राफ. कॅनव्हास कधीच नाही. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी पाहाव्यात. आकडा हातोडी पडल्याचा, म्हणजे शेवटच्या बोलीचा, आहे की ग्राहकाकडून घेतलेलं कमिशन धरून? लिलावगृहं खरेदीदाराकडून साधारण १५ ते २५ टक्के वर घेतात, त्यावर जीएसटी वेगळा, आणि यातलं काहीच विकणाऱ्याला मिळत नाही. छापाची अवस्था काय होती? साल कोणतं? आणि न विकल्या गेलेल्या छापांची नोंद कुठे आहे? ही शेवटची नोंद लोक विसरतात, खरी मर्यादा मात्र तीच दाखवते.

नमुन्याच्या या प्रकरणात त्याच आवृत्तीचे दोन छाप २८,००० आणि ३४,००० ला गेले होते, हातोडीची किंमत. तिसरा ४५,००० च्या तळबोलीवर विकलाच गेला नाही. एका गॅलरीच्या संकेतस्थळावर ६०,००० लावलेले होते. त्या आकड्याला आम्ही किंमत मानत नाही, ती विचारणा आहे. दोन्ही विकलेले छाप स्वच्छ होते. आपल्या छापावर पाण्याचा डाग, माउंटची जळकी रेघ आणि पिवळेपणा. डाग समासात असता तर माउंटखाली झाकता आला असता, पण ओघळ चित्राच्या आत शिरला होता. त्यामुळे आहे त्या स्थितीत २०,००० आणि दुरुस्तीनंतर ३०,००० असा अंदाज बांधला.

आता विकण्याचा हिशेब. मुंबईच्या लिलावात ३०,००० ला गेला असं धरू. विक्रेत्याचं कमिशन १२ टक्के म्हणजे ३,६००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६४८. फोंड्याहून सुरक्षित पॅकिंग आणि कुरिअर २,५००. हातात २३,२५२. त्याआधी कागद-संवर्धकाला दिलेले ९,००० वजा केले की उरतात १४,२५२. म्हणजे दुरुस्त करून लांब पाठवण्यापेक्षा सगळे दोष लिहून इथेच कोणाला २०,००० ला दिला असता तर जास्त हातात पडले असते. बऱ्याच सेरिग्राफच्या बाबतीत दुरुस्तीचा खर्च विक्रीतून निघत नाही. ती करायची तर चित्र राहावं म्हणून करावी.

पाठवायचंच झालं तर नळीत गुंडाळू नये. सेरिग्राफची शाई जाड असते, गुंडाळल्यावर तिला बारीक तडे जातात. चित्रावर गुळगुळीत ग्लासिन कागद, चार कोपऱ्यांना कागदी खिसे, दोन्ही बाजूंना चित्रापेक्षा दोन इंच मोठे ताठ बोर्ड, बाहेरून प्लास्टिक. जून ते सप्टेंबर अजिबात पाठवू नये.

कर लोकांना अनपेक्षित असतो. घरातली वापराची वस्तू विकली तर भांडवली नफा लागत नाही, पण चित्रं, शिल्पं आणि कोणतीही कलाकृती या सवलतीतून कायद्यानेच बाहेर ठेवली आहे. वारशाने मिळताना कर नाही. विकताना मात्र वडिलांची खरेदी किंमत आणि वडिलांची तारीख धरली जाते. वरच्या हिशेबात ३०,००० तून विक्रीखर्च ६,७४८ आणि खरेदीचे १३,००० वजा केले की नफा १०,२५२. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला १२.५ टक्के दराने आणि उपकर धरून साधारण १,३३० रुपये. रक्कम लहान आहे, पण २००९ चं बिल नसतं तर १३,००० दाखवायचे कशावरून? चित्राच्या बिलाची जागा घराच्या कागदांबरोबर.

मूळ १३,००० वर्षाला ७ टक्के चक्रवाढीने ठेवले असते तर १५ वर्षांत सुमारे ३५,९०० झाले असते. वडिलांनी ते गुंतवणूक म्हणून घेतलंच नव्हतं, त्यामुळे त्यांचा तोटा झाला असं म्हणता येत नाही. पण गुंतवणूक म्हणून सेरिग्राफ विकणाऱ्याला हा हिशेब जरूर विचारावा.

दोन कायदेशीर गोष्टी थोडक्यात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ प्रमाणे १०,००० रुपयांवर पुनर्विक्री झाल्यास चित्रकाराला किमतीत वाटा मागता येतो. पण त्या कलमात मूळ चित्र, शिल्प, रेखाटन आणि हस्तलिखित यांचीच नावं आहेत. छापचित्रं त्याच कायद्यात वेगळ्या शब्दाने येतात आणि इथे ती नाहीत. दुसरी गोष्ट, कागद घराचा असला तरी चित्र छापण्याचा हक्क चित्रकाराचाच. त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. वर्षश्राद्धाच्या आठवणपत्रिकेवर हे चित्र छापायचा मुलीचा विचार होता, त्यासाठी चित्रकाराची लेखी परवानगी लागणार होती.

मांडवीचा रंग

माउंट काढल्यावर सगळ्यांचं लक्ष एका गोष्टीवर गेलं. खिडकीखाली झाकलेला समास दुधासारखा पांढरा होता आणि खिडकीतला भाग फिक्या चहासारखा. पंधरा वर्षांच्या उजेडाने उघडा कागद पिवळा पडला होता. कागद शुद्ध कापसाचा असता तर इतका उतरला नसता. आणि नदी म्हणजेच कागद असल्यामुळे पिवळी पडली होती ती मांडवी.

मुलगी म्हणाली, “दादा, बाबांना हे पावसातलं पाणीच वाटायचं रे. चोडणच्या बोटीतून दिसायचं तसं.” घरात सगळे त्या चित्राला पावसाळ्यातली नदी म्हणत आले होते. जुलैत मांडवी खरोखर तशीच मातट, तांबूस वाहते. चित्रकाराने छापली तेव्हा ती उन्हातली, लख्ख, पांढरी नदी होती.

इथे बाजार आणि घर यांच्या वाटा वेगळ्या होतात आणि संवर्धकाला नेमकं काय करायला सांगायचं ते आधी ठरवावं लागतं. बाजाराला पांढरी नदी हवी. रसायनाने कागद उजळता येतो, पण त्यात धाग्यांची ताकद जाते, शाईच्या शेजारचा पांढरा आणि समासाचा पांढरा कधीच एकसारखा येत नाही आणि काही वर्षांत पिवळेपणा परतू शकतो. आम्ही ब्लीच करू नये असंच सांगितलं. टेपचा गोंद काढणं, बुरशी कोरड्या मऊ ब्रशने आणि गाळणी लावलेल्या व्हॅक्युमने उचलणं, आम्ल कमी करणं, पाण्याच्या ओघळाची कड मंद करणं, ताव दाबाखाली सपाट करणं एवढं पुरे. यातलं ब्रशचं काम सोडून घरी काहीही करू नये. बुरशीला ओलं फडकं लावलं की ती कागदात घासली जाते. उन्हात ठेवलं तर कागद वाकतो आणि रंग उडतो.

यादीत नोंद नव्याने लिहिली: ‘सेरिग्राफ, ११ रंग, २२ × ३० इंच, ३७/१५०, पेन्सिलीने सही आणि साल २००९, स्टुडिओचा उठावदार शिक्का, प्रमाणपत्राची प्रत आणि मूळ बिल सोबत, खालच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याचा डाग, माउंटची रेघ, कागद पिवळा, किंमत २०,०००.’ अशी नोंद असली की पुढे कोणी ‘फ्रेम, १ नग’ लिहू शकत नाही. भावंडांची बोली २०,००० वर सुरू झाली आणि २४,००० वर थांबली. चित्र बहिणीकडे गेलं. आईचे १२,००० आणि भावाचे ६,००० तिच्या इतर हिश्शातून वळते केले.

नवी फ्रेम अशी झाली. कापसाच्या धाग्यांचा, दीड मिलिमीटर जाडीचा माउंट. खिडकी समासासकट कापलेली, म्हणजे क्रमांक, सही आणि शिक्का तिन्ही दिसतात. चित्र वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगलेलं, बाकीच्या बाजू मोकळ्या. अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक, चित्रापासून माउंटच्या जाडीइतकं दूर. शाई काचेला टेकली तर दमट हवेत चिकटते आणि काढताना निघून येते, म्हणून ही फट महत्त्वाची. मागे हार्डबोर्डऐवजी आम्लमुक्त बोर्ड, कडा कागदी पट्टीने बंद, खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. मागच्या बाजूला पाकिटात बिलाची आणि प्रमाणपत्राची प्रत, संवर्धकाने काय केलं त्याचा कागद आणि फ्रेम उघडतानाचे फोटो.

म्हापशाच्या घरात ती मधल्या खोलीच्या आतल्या भिंतीवर लावली. तिथे दिवसाचा थेट उजेड पोचत नाही आणि पावसाची बाजूही नाही. दर वर्षी चवथीच्या सफाईला ती उतरवून मागची पट्टी आणि बुचं तपासायची, कसर लागली का बघायची. रंगकाम असेल तर भिंत पूर्ण वाळेपर्यंत, किमान तीन आठवडे, परत टांगायची नाही. समास आता पांढरा दिसतो, त्याच्या आत मांडवी अजून तशीच, पावसाळ्यातली.